पायाखालची शिफ्ट

इन्स्क्रिप्ट कळफलकावर आमच्या गावाचं नाव, रोहिणखेड, लिहायला शिफ्ट दोनदा लागते: 'ण'ला आणि 'ख'ला. 'खुदा'लाही लागतेच. लकव्याने अब्बांचा डावा हात गेला आणि नेमकी हीच अक्षरं अडली. विंडोजमध्ये स्टिकी कीजची सोय आहे, पण दर वेळी आधी शिफ्ट, मग अक्षर, याला ते कंटाळले.

म्हणून आर्डुइनो लिओनार्डो मागवला. उनोची मुख्य चिप स्वतः यूएसबीवर बोलत नाही. लिओनार्डोची बोलते, त्यामुळे संगणक त्याला सरळ कीबोर्डच समजतो. (काही विचारतही नाही. अनोळखी पेनड्राइव्ह लावू नये तो यासाठीच.) पाटावर दाराच्या बेलचं बटन बसवलं, एक वायर पिन 2 ला, दुसरी ग्राउंडला. प्रोग्राम दहा-बारा ओळींचा: बटन दाबलं की शिफ्ट धरायची, पाय उचलला की सोडायची.

गंमत म्हणजे कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कळेचा क्रमांक पाठवतो. इंग्रजी 'के'च्या कळेचा 14. त्याचा 'क' करायचा की उर्दूचा काफ, हे संगणक ठरवतो. अब्बांचा एकच पाट दोन्ही लिप्यांना चालतो.

सध्या ते त्यांच्या अब्बांच्या आठवणी लिहिताहेत, मराठीत. इशानंतर उशिरापर्यंत त्यांच्या खोलीतून बटनाची टकटक येत असते.