मायामी : एका बंदराची दोन दारे

अमेरिकेच्या नकाशात आग्नेय कोपऱ्यास फ्लोरिडाचा चिंचोळा भूभाग समुद्रात उतरलेला दिसतो. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, दक्षिण टोकाजवळ, मायामी नगर वसलेले आहे. १८९६ साली येथवर आगगाडी पोहोचली आणि त्याच वर्षी नगराची रीतसर स्थापना झाली. आपल्या किनारपट्टीवरील माणसास येथील हवा फारशी परकी वाटू नये. दमट उकाडा, नारळीची झाडे, कोणाच्या परसात आंबा, आणि पावसाळ्यात समुद्रावरून धावून येणारी वादळे, सारे ओळखीचे. मात्र रस्त्याच्या कडेला उभे राहून कान दिला, तर इंग्रजीहून इतर भाषाच अधिक ऐकू येतात. मायामी-डेड या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत. परदेशी गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने या नगरातील दोन वस्त्या अवश्य पाहाव्यात.

पहिली वस्ती 'लिटल हवाना', अर्थात धाकटी हवाना. क्यूबाच्या राजधानीवरून तिला हे नाव पडले. तिचा मुख्य रस्ता म्हणजे आठवा रस्ता. स्पॅनिश भाषेत 'काये ओचो'. येथील उपाहारगृहांना रस्त्याकडे उघडणारी खिडकी असते. तेथे उभ्याउभ्या लहानशा पेल्यातून दाट, गोड कॉफी घ्यावयाची आणि राजकारणावर वाद घालावयाचा, असा रिवाज आहे. जवळच्या उद्यानात वृद्ध मंडळी छपराखाली डोमिनोचा पट मांडून बसतात. येथे बँकेपासून स्मशानयात्रेची व्यवस्था पाहणाऱ्या दुकानापर्यंत सर्व व्यवहार स्पॅनिशमध्ये होऊ शकतो. पुष्कळ कुटुंबे आता अधिक प्रशस्त उपनगरांत राहावयास गेली आहेत. परंतु जुन्या आठवणींचे घर म्हणून ही गल्ली त्यांनी राखली आहे.

तेथून उत्तरेस पाच-सहा मैलांवर 'लिटल हैती' लागते. या भागाचे जुने नाव 'लेमन सिटी'. येथे भाषा क्रिओल. भिंती भडक निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांनी रंगविलेल्या. १९९० साली उभारलेली बाजाराची इमारत हैतीची राजधानी पोर्तोप्रिन्स येथील लोखंडी बाजाराच्या धर्तीवर बांधली आहे. चौकात तूसाँ लूव्हेर्तूर यांचा पुतळा आहे. गुलामीत जन्मलेल्या या सेनानीने लढ्याचे नेतृत्व केले आणि पुढे १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. घरे मात्र बहुतांशी लहान व भाड्याची. इस्पितळांत शुश्रूषा, हॉटेलांत साफसफाई, टॅक्सी चालविणे, वृद्धांची देखभाल अशी कामे करून येथील पुष्कळ कुटुंबांनी संसार चालविले.

दोन्ही समाज कॅरिबियन समुद्रातील बेटांवरचे. दोन्ही देशांत कॅथॉलिक श्रद्धेची जुनी परंपरा. दोघेही हुकूमशाहीतून व दैन्यातून निघाले, आणि बहुतांशी एकाच अर्धशतकात एकाच किनाऱ्यास लागले. असे असता फळे वेगवेगळी का? १९८५ साली क्यूबात जन्मलेला गृहस्थ मायामीचा महापौर झाला. १९८९ साली क्यूबातच जन्मलेली स्त्री येथून अमेरिकेच्या संसदेत निवडून गेली. हैतीच्या माणसास शेजारच्या नॉर्थ मायामी या लहान नगराचे महापौरपद मिळण्यास २००१ साल उजाडावे लागले. उत्पन्न, स्वतःचे घर, स्वतःचा धंदा, यांपैकी कोणत्याही मापाने मोजले तरी क्यूबावासी सामान्यतः पुढे आहेत. यावर झटपट उत्तर देणारे लोक सर्वत्र भेटतात : "एक जात उद्योगी, दुसरी आळशी." वाचकहो, हे उत्तर स्वीकारण्यापूर्वी दोघे कोणत्या दाराने आत आले ते पाहिले पाहिजे.

क्यूबावासीयांच्या पदरी काही पुंजी होती, हे प्रथम प्रामाणिकपणे मान्य करू. १ जानेवारी १९५९ रोजी क्यूबात क्रांती झाली आणि फिडेल कास्त्रो सत्तेवर आले. आरंभी देश सोडणाऱ्यांत डॉक्टर, वकील, व्यापारी व कारखानदार यांचा भरणा होता. पैसाअडका तिकडेच राहिला. पण शिक्षण आणि धंद्याची जाण कोणी काढून घेऊ शकत नाही. हैतीहून होडीने येणाऱ्यांत अनेक जण शेतमजूर होते व त्यांपैकी पुष्कळांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. एवढा फरक आरंभासच होता. परंतु साऱ्या कथेचा उलगडा एवढ्यावर होत नाही.

मायामीच्या मध्यभागी एक उंच पिवळसर मनोरा आहे. १९२५ साली तो एका वृत्तपत्राचे कार्यालय म्हणून बांधला गेला. १९६२ ते १९७४ या काळात तेथे क्यूबाच्या निर्वासितांचे सरकारी केंद्र होते. नोंदणी, औषधपाणी, दुधाची भुकटी, चीज, डबाबंद मांस, थोडी रोख रक्कम, सारे तेथे मिळे. त्यामुळे लोक त्यास 'एल रेफुहिओ', म्हणजे आश्रयस्थान, म्हणू लागले. डॉक्टरांना अमेरिकेत पुन्हा व्यवसाय करता यावा म्हणून खास वर्ग चालविले गेले. १९६० च्या डिसेंबरपासून १९६२ च्या ऑक्टोबरपर्यंत आईबापांवाचून आलेल्या १४ हजारांहून अधिक मुलांची जबाबदारी फादर ब्रायन वॉल्श या आयरिश धर्मगुरूंच्या देखरेखीखाली घेतली गेली. १९६५ ते १९७३ पर्यंत विमानांनी अडीच लाखांहून अधिक माणसे आणली. आणि १९६६ साली असा कायदा झाला की, क्यूबाचा माणूस अमेरिकेत दोन वर्षे राहिला की त्यास कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकेल. पुढे ही मुदत एका वर्षावर आली.

आता दुसरे दार पाहू. हैतीत १९५७ ते १९८६ पर्यंत दुव्हालिए पितापुत्रांची जुलमी राजवट होती. १९६३ साली तेथून पळालेल्यांची एक होडी फ्लोरिडास लागली. तिला आश्रय नाकारण्यात आला. १९७२ च्या डिसेंबरात ६५ माणसांची दुसरी होडी आली आणि मग होड्यांची रीघ लागली. १९७८ साली सरकारने हैतीवासीयांचे अर्ज झपाट्याने निकालात काढण्याची मोहीम चालविली. ४ हजारांहून अधिक अर्ज नाकारले गेले; एकही मंजूर झाला नाही. १९८० साली न्यायाधीश जेम्स लॉरेन्स किंग यांनी ही वागणूक अन्यायाची व भेदभावाची ठरविली. तरी १९८१ साली अमेरिकेने दुव्हालिए सरकारशी करार करून भर समुद्रातच होड्या अडविण्यास आरंभ केला. किनाऱ्यास पोहोचलेल्यांस कोठडीत ठेवण्याचे धोरण आले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी मायामीच्या उत्तरेस हिल्सबरो बीच येथे ३३ हैतीवासीयांची प्रेते लाटांनी वाळूवर आणून टाकली. सुखवस्तू लोकांच्या बंगल्यांसमोरची ती वाळू होती.

हा भेद का झाला? क्यूबाचा माणूस साम्यवादी राजवटीतून पळून आला, म्हणून त्याचे येणे अमेरिकेस भूषणावह वाटे. दुव्हालिए हे साम्यवादाचे विरोधक, म्हणून अमेरिकेचे मित्र. मित्राच्या घरातून पळालेल्यास निर्वासित कसे म्हणावे? म्हणून त्यास 'पोटासाठी आलेला' ठरविले. शिवाय आरंभीचे क्यूबावासी बहुतांशी गौरवर्णी आणि हैतीचे लोक कृष्णवर्णी. अमेरिकेत या गोष्टीचे वजन किती, हे सांगावयास नको. १९८३ साली तर सरकारी आरोग्य खात्याने एड्स रोगाचा धोका असलेल्यांच्या यादीत सबंध हैती समाजाचेच नाव घातले. दोन वर्षांनी ते काढले. पण तोवर अनेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि शाळेत मुलांस टोमणे ऐकावे लागले.

तिसरी गोष्ट, पुढे कोण वाट पाहत आहे ही. मायामीत क्यूबाचे जे सावकारी व्यवहार जाणणारे लोक बँकांत लागले, त्यांनी तारणावाचून कर्जे दिली. हवानात हा मनुष्य कसा वागत असे, एवढीच चौकशी पुरे होई. अशा कर्जांतून दुकाने, कारखाने व बांधकामाचे धंदे उभे राहिले आणि मागाहून येणाऱ्यास आपल्याच माणसाकडे काम मिळू लागले. हवानात १८५४ साली स्थापन झालेली बेलेन ही येशूसंघीयांची शाळा क्यूबात जप्त झाली, तर १९६१ साली ती मायामीत पुन्हा सुरू झाली. आपल्या गोव्याच्या लोकांस यात नवल वाटणार नाही. मुंबईत गावोगावचे कूड होते. खलाशी वा आचारी होण्यास निघालेला मुलगा ट्रंक घेऊन तेथे उतरे. झोपावयास जागा, संध्याकाळी रोझरी आणि जहाजावरील नोकरीची बातमी, तिन्ही त्यास एका छपराखाली मिळत. हैतीच्या पहिल्या होडीवाल्यास असा कूड नव्हता. तो त्यास शून्यातून उभा करावा लागला.

या साऱ्याची जणू कसोटीच १९८० साली झाली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत क्यूबाच्या मारिएल बंदरातून १ लाख २५ हजार माणसे होड्यांनी आली. मायामीच्या कामगारसंख्येत त्यामुळे सुमारे ७ टक्के भर पडली. ही माणसे गरीब, त्यांत कृष्णवर्णीही पुष्कळ. काही थोडे तुरुंगातून सोडलेले, म्हणून सर्वांवरच गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजारो जण छावण्यांत अडकले. ही मंडळीही क्यूबाचीच, रक्त तेच. परंतु आधी आलेल्यांइतकी कमाई त्यांस साधली नाही. तरीही त्यांच्या मदतीस पूर्वीचा कायदा व पूर्वीचे आप्त होते. त्याच महिन्यांत सुमारे २५ हजार हैतीवासीही आले. मारिएलच्या लोकांस १९६६ च्या कायद्याचा लाभ १९८४ साली मिळाला. हैतीवासीयांस त्यासाठी १९८६ च्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागली. दारावरच्या वागणुकीने फळ कसे बदलते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

दोन्ही वस्त्यांत चर्च हे आधाराचे ठिकाण राहिले. समुद्रकाठी, क्यूबाच्या दिशेस तोंड करून, कारिदादच्या मरियामातेचे मंदिर आहे. क्यूबातून लपवून आणलेली तिची मूर्ती १९६१ साली मायामीस पोहोचली. तेथे बिशप आगुस्तीन रोमान यांनी वर्षानुवर्षे सेवा केली. मारिएलच्या कैद्यांनी १९८७ साली तुरुंगांत बंड केले, तेव्हा त्यांची समजूत याच बिशपांनी घातली. लिटल हैतीत नोत्र दाम द'हैती येथे फादर थॉमस वेन्स्की यांनी क्रिओल भाषा शिकून मिस्सा चालविली. २०१० साली ते मायामीचे आर्चबिशप झाले. हैतीचे फादर जेरार जाँ-ज्युस्त निर्वासितांसाठी न्यायालयाची पायरी चढले. येथे एक जुनी गोष्ट आठवते. क्यूबाचे फादर फेलिक्स वारेला आणि हैतीत गुलाम म्हणून जन्मलेले पिएर तूसाँ, दोघेही न्यूयॉर्कमध्ये परके म्हणून आले आणि दोघांनीही तेथील गरिबांची व अनाथांची सेवा केली. दोघांचा मृत्यू १८५३ सालीच झाला. तूसाँ यांस १९९६ साली आणि वारेला यांस २०१२ साली ख्रिस्तसभेने 'पूजनीय' म्हणून घोषित केले. देवाच्या दरबारी दोन दारे नाहीत.

कष्टांत हैतीचा माणूस कोठेही उणा पडला नाही. परदेशी गेलेल्या हैतीवासीयांनी घरी पाठविलेला पैसा त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका भरतो. पोटास चिमटा घेऊन आईस पैसे पाठविणाऱ्यास आळशी कोण म्हणेल? परंतु नवे संकट आले आहे. लिटल हैतीची जमीन किनाऱ्याहून थोडी उंच आहे. समुद्राची पातळी वाढेल या धास्तीने आता धनिकांचे लक्ष तिकडे वळले असून भाडी वाढत आहेत. ज्याचे घर स्वतःचे त्यास जमिनीचा भाव लाभतो. भाडेकरूस बिऱ्हाड हलवावे लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या बंद दाराची किंमत आज नातवंडे भरीत आहेत. क्यूबावासीयांचे भाग्यही अढळ नव्हते. अमेरिकेच्या भूमीस पाय लागला की राहू देण्याची त्यांची खास सवलत १२ जानेवारी २०१७ रोजी रद्द झाली. सरकारची कृपा वाऱ्यासारखी दिशा बदलते.

आपल्यापैकी क्वचितच एखादे घर असेल की ज्यातील कोणी आखातात, इंग्लंडात, पोर्तुगालात किंवा जहाजावर नाही. त्यांस तिकडे चांगले दार उघडावे अशी आपली रोज प्रार्थना असते. त्याच वेळी झारखंड व ओरिसाकडील मजूर आपल्या गावांत विटा वाहतात, घरे बांधतात, होड्यांवर राबतात. त्यांपैकी काही जण रविवारी आपल्याच चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलेले असतात. त्यांस खोली भाड्याने देताना आपण काय बोलतो? त्यांच्या मुलाचे नाव शाळेत घालण्यास कोण बरोबर जाते? मजुरी बुडाली तर त्यांच्या वतीने शब्द कोण टाकतो? वीस वर्षांनी ही माणसे मागे राहिली, तर "त्यांची जातच तशी" असे म्हणणारे तेव्हाही भेटतील. मायामीचे दार सरकारच्या हाती होते. आपल्या गावाची कडी मात्र आपल्याच हाती आहे.