ताबोचे दार

उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या शाळेच्या परिवारातील आम्ही नऊ जण हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि स्पीती या खोऱ्यांत जाऊन आलो. चार शिक्षक, तीन पालक आणि दोन निवृत्त बाई. त्यांपैकी संस्कृतच्या बाई सगळ्यांत ज्येष्ठ, वय अडुसष्ट. इथल्या निम्म्या पालकांना ‘रामः रामौ रामाः’ त्यांनीच शिकवले आहे, आणि सुलेखनाच्या स्पर्धेत फळ्यावर नमुन्याची ओळही त्याच लिहीत. खरे म्हणजे ही सहल निघाली ती त्यांच्या एका इच्छेमुळे. त्यांना ताबोचा मठ पाहायचा होता.

ताबो का, असे आम्ही विचारले तेव्हा बाईंनी शिक्षककक्षातच छोटा तास घेतला होता. इ. स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटच्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने हा मठ स्थापन केला. त्याच काळात रिन्चेन झांगपो नावाचे मोठे भाषांतरकार होऊन गेले. ते काश्मीरला जाऊन संस्कृत शिकले आणि परत येऊन त्यांनी कितीतरी ग्रंथ तिबेटीत नेले. पुढे आपल्याकडे अनेक मूळ संस्कृत पोथ्या नाहीशा झाल्या, पण त्यांची तिबेटी भाषांतरे उरली. “आपण हरवलं ते त्यांनी सांभाळलं. एकदा जाऊन नमस्कार तरी करायला हवा,” असे बाई म्हणाल्या. यावर कोण काय बोलणार? बडा सराफ्यातून शेव बांधून घेतली, चिवड्याचे डबे भरले आणि आम्ही इंदूरहून चंडीगडची गाडी पकडली.

पुढचा सगळा बंदोबस्त एका सहल कंपनीकडे दिला होता. तिचे नाव इथे देत नाही, कारण चूक जितकी तिची तितकीच आमची, हे पुढे कळेलच. चंडीगडला आमची गाडी पूर्ण एक दिवस उशिरा आली. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, काझाच्या हॉटेलचे आरक्षण बदलता येणार नाही, तेव्हा ताबोचा मुक्काम वगळू. ताबो वाटेतच आहे, तासभर थांबून बघून घ्या, म्हणजे एकही स्थळ चुकणार नाही! ‘एकही स्थळ चुकणार नाही’ हे ऐकून आम्ही सगळे खूश झालो. बाई काही बोलल्या नाहीत.

गाडीबरोबर एक मार्गदर्शक होता, स्पीतीचाच मुलगा, वय असेल चोवीस-पंचवीस. हिंदी गोड, बोलणे कमी. बाईंना तो पहिल्या दिवसापासून ‘माताजी’ म्हणू लागला. मुक्काम वगळल्याचे कळल्यावर तो एवढेच म्हणाला, “ताबो में एक रात सोना अच्छा रहता है, सर.” आम्हाला वाटले, तिथे त्याच्या कोणा नातेवाइकाचे हॉटेल असेल.

किन्नौरचे वर्णन करायचे तर सगळी पाने त्यातच संपतील. सांगल्याचे बास्पा खोरे, छितकुलची लाकडी घरे, देवदार आणि सफरचंदाच्या बागा, कल्प्याच्या खिडकीतून समोर उभा असलेला किन्नर कैलास. सकाळच्या उन्हात तो असा काही दिसला की गणिताचे सर चहा विसरले. सरांच्या बाबतीत ही घटना नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

कल्पा सोडून पुढे गेले की हिरवे हळूहळू संपते. खाब येथे स्पीती नदी सतलजला मिळते आणि तिथून रस्ता नुसत्या उघड्या खडकांतून वर चढत जातो. झाड नाही, गवत नाही. डोंगरांचे रंग मात्र राखी, जांभळे, गंजासारखे तांबडे. मग एखाद्या वळणावर अचानक जव आणि मटारचे चार हिरवे तुकडे, पाच-पंचवीस पांढरी घरे आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या पताका. ती हिरवळ बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर जगते. इकडे पाऊस फारसा पोचतच नाही.

वाटेत दरड कोसळली होती, त्यात तीन तास गेले. ताबोला पोचायला संध्याकाळचे साडेसहा झाले आणि जुन्या मंदिराचे दार बंद झालेले. किल्ली ज्यांच्याकडे असते ते लामा गावाबाहेर गेले होते. बाहेरून पाहिले तर ताबो म्हणजे मातीच्या बसक्या भिंतींचा समूह. अजिंठा पाहिलेल्या माणसाला प्रश्न पडावा, की याला ‘हिमालयातले अजिंठा’ का म्हणतात! बाईंनी भिंतीवर तळहात टेकवला, उजवी घालून एक प्रदक्षिणा केली आणि येऊन गाडीत बसल्या. काझाला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

शाळेच्या मोठ्या मुलांची हिमालयात सहल काढावी, अशी सूचना पालकसभेत आलेली आहे. म्हणून पुढचा भाग विश्वस्त आणि पालकांनी जरा सावकाश वाचावा, ही विनंती.

विज्ञानाच्या सरांनी नंतर समजावून सांगितले ते असे. उंचावर गेल्यावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, ते सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. बदलतो तो हवेचा दाब. आपले इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि काझा सुमारे ३६५० मीटरवर. इंदूरच्या एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश तिथे मिळतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला वेळ लागतो. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असे डॉक्टर सांगतात. कल्पा २९६० मीटर, ताबो ३२८०, काझा ३६५०. ताबोचा मुक्काम कार्यक्रमात का होता, हे आता लक्षात येईल. ती जिन्याची मधली पायरी होती आणि आम्ही ती गाळून उडी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गदर्शकाने सुचवले, आज काझातच आराम करा, गोम्पा कुठे पळून जात नाही. यावर आमच्यापैकी एकाने छापील कार्यक्रमपत्रिका उघडून त्याला दाखवली. की, लांगझा, हिक्कीम, कोमिक, चारही नावे त्यावर होती. वर्षानुवर्षे वेळापत्रकावर चालणारी आम्ही माणसे! मुलगा गप्प बसला आणि गाडीकडे गेला. त्याने पुन्हा बजावले असते तर आम्ही ऐकले असते का? बहुधा नाही.

की गोम्पा ४१६६ मीटरवर, टेकडीवर घरांवर घरे रचल्यासारखा. तिथल्या लामांनी मोठ्या किटलीतून सगळ्यांना चहा दिला. लांगझाला मोठी बुद्धमूर्ती हिमशिखरांकडे पाहत बसली आहे. तिथल्या दगडांत शंखासारखे जीवाश्म सापडतात, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी या जागी टेथिस समुद्र होता. मुले ते विकायला आणतात. घेऊ नका, असे मार्गदर्शकाने सांगितले, आणि निदान एवढे तरी आम्ही ऐकले. मग हिक्कीम. सुमारे ४४०० मीटरवर तिथे टपाल कार्यालय आहे. शाळेच्या पत्त्यावर प्रत्येकाने एकेक पोस्टकार्ड लिहिले. बाईंनीही लिहिले. त्यांची ओळ कागदावर तिरकी होत होत खाली घसरली होती. ते पाहून आम्ही हसलो. “बाई, आज नमुन्याची ओळ वाकडी!” बाईही हसल्या.

हे हसणे नंतर आम्हाला फार टोचले. रात्रभर त्यांचे डोके दुखत होते, सकाळी घशाखाली घास उतरला नव्हता, आणि आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया जाऊ नये म्हणून त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. कोमिकला गाडीतून उतरल्यावर त्या चार पावले चालल्या, झोकांडी गेली, उलटी झाली. दगडावर बसवले तरी धाप थांबेना. मार्गदर्शकाने खिशातून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर काढले. आकडा ६६. त्याने आम्हाला काही विचारले नाही. “अभी नीचे,” एवढे म्हणून त्याने बाईंना अक्षरशः उचलून गाडीत ठेवले. कोमिकचा मठ आमच्यापैकी कोणीही आत जाऊन पाहिलेला नाही.

काझाच्या सरकारी दवाखान्यात त्यांना लगेच प्राणवायू लावला. तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काल रात्री कुठे झोपला होतात?” उत्तर ऐकून ते काही बोलले नाहीत. दोन-अडीच तासांनी आकडा वर आला. खरे औषध खाली जाणे हेच आहे, सिलिंडर बरोबर घ्या आणि आजच ताबोला जा, असे त्यांनी सांगितले.

आणि तिथे, दवाखान्याच्या व्हरांड्यात, आमचे भांडण झाले. ते लिहावे की नाही यावर आमचा बराच विचार झाला. पुढच्या दिवशी कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल सरोवराला जायचे होते, मग अटल बोगद्यातून मनाली. पैसे भरलेले, परत मिळणार नाहीत, असे कंपनीने फोनवर कळवले होते. गाडी एकच. चौघांचे मत पडले, की दोघांनी बाईंबरोबर दुसरी गाडी करून खाली जावे आणि बाकीच्यांनी पुढे. ते चौघे दुष्ट नव्हते. एकाने या सहलीसाठी दोन वर्षे पैसे साठवले होते. आतून बाईही मुखवटा बाजूला करून सांगत होत्या, “तुम्ही जा रे सगळे, मी ठीक आहे.” आवाज चढले. शेवटी तो मुलगा मध्ये आला. रात्री माताजींची तब्येत पुन्हा बिघडली तर आणखी खाली न्यावे लागेल, तेव्हा ही गाडी आणि हा चालक, ज्यांना रस्ता पाठ आहे, ते त्यांच्याबरोबरच हवेत. “चंद्रताल अगले साल भी रहेगा.” माताजींबद्दल मात्र तो तसे काही म्हणाला नाही. कोणीतरी सामान गाडीवर चढवायला सुरुवात केली आणि भांडण तिथेच संपले.

ताबोत आम्ही तीन रात्री राहिलो. पहिल्या रात्री आळीपाळीने जागलो. दर तासाला बोटावर आकडा पाहायचा आणि वहीत लिहायचा. ७९, ८१, ८४. गणिताच्या सरांनी त्याचा आलेखच काढला! दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी वाटीभर थुकपा खाल्ला आणि वर आपली शेव मागितली, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जुन्या मंदिराचे दार उघडले. आत काळोख. फोटो काढायला बंदी आहे, ती योग्यच आहे. विजेरीचा झोत भिंतीवर पडला आणि आमचे बोलणे थांबले. भिंतींवर माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती, तीसहून अधिक, जणू हवेत तरंगत बसलेल्या. मध्ये चार दिशांना तोंड असलेला वैरोचन. मूर्तींच्या खाली चित्रेच चित्रे, निळी, शेंदरी, अजून ताजी. १९७५ च्या भूकंपाने या मंदिरांचे नुकसान केले, पण एक हजार वर्षांहून जुन्या या मातीच्या भिंती उभ्या आहेत. अजिंठा डोंगरात कोरलेले, हे मातीने लिंपलेले, पण दोन्हीकडे काळोखात डोळे स्थिरावेपर्यंत थांबावे लागते.

बाईंना आम्ही खुर्चीवर बसवले. एका भिंतीवर सुधन नावाच्या श्रेष्ठिपुत्राची कथा रंगवलेली आहे, ‘गण्डव्यूह’ या संस्कृत ग्रंथातली. बाई हळू आवाजात ती सांगू लागल्या. सुधन ज्ञान शोधायला निघतो. ज्याच्याकडे जातो तो म्हणतो, मला एवढेच येते, पुढचे त्या अमक्याला विचार. असा तो पन्नासांहून अधिक जणांकडे जातो. त्यांत भिक्षू, राजा, वैद्य, नावाडी, अत्तर विकणारा, सगळे आहेत. “आणि मुलांना शिकवणारा एक पंतोजीही आहे बरं का,” बाई म्हणाल्या. गणिताच्या सरांनी उत्सुकतेने विचारले, “तो काय शिकवतो त्याला?” बाई म्हणाल्या, “काहीच नाही. एका मुलाकडे बोट दाखवतो, म्हणतो, याला विचार. तो मुलगा मग सुधनाला अक्षरं शिकवतो.”

आमचा मार्गदर्शक दाराशी उभा राहून ऐकत होता. बाईंचे मराठी त्याला किती कळले कोण जाणे. लहानपणापासून तो या भिंती पाहत आला होता. कथा संपल्यावर तो आत आला आणि बाईंना उठायला हात दिला. या वेळी प्रदक्षिणा त्यांनी त्याच्या दंडाला धरून पूर्ण केली.

परतीचा प्रवास आल्या वाटेने, सावकाश झाला. इंदूरला आल्यावर बाईंनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि आता त्या ठणठणीत आहेत. पुढच्या वर्षी चंद्रतालसाठी जायचे ठरते आहे. कार्यक्रमपत्रिका तो मुलगा करून पाठवणार आहे.

शाळा सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी हिक्कीमची नऊ पोस्टकार्डे एकदमच आली. ती मुख्य दालनातील फलकावर लावली आहेत, मुलांनी जरूर पाहावी. बाईंचे कार्ड उजवीकडून दुसरे. ओळ घसरत घसरत कडेपर्यंत गेली आहे. त्यावर लिहिले आहे : ‘येथे सर्व कुशल. ताबोचे दार बंद होते.’