गांधीबागेच्या गच्चीवरून बर्फाची वाट

नागपूरच्या गांधीबागेत थंडीची चाहूल प्रथम लागते ती कापड बाजाराला. दिवाळीचे साड्यांचे गठ्ठे आवरले जातात आणि त्यांच्या जागी ब्लँकेट, शाली व दुलया चढतात. सेंट्रल अॅव्हेन्यूकडून येणाऱ्या गल्ल्यांत हातठेल्यांची गर्दी होते. व्यापारी मग एकमेकांची खुशाली विचारण्याआधी पारा विचारतात.

आमच्या घरी तो पारा गच्चीवर टांगला आहे. नातू आणि शेजारची दोन मुले रोज सकाळी साडेसहाला तापमान पाहून वहीत उतरवतात. वही आमच्याच दुकानातील जुन्या रोजमेळाची आहे. जमेच्या रकान्यात कमाल, नावेच्या रकान्यात किमान. ह्या साऱ्या खटाटोपामागे त्यांची एकच आशा आहे : एके दिवशी गांधीबागेत बर्फ पडेल!

ह्या आशेला खतपाणी घातले २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटेने. त्या दिवशी सोनेगावच्या वेधशाळेत ३.५ अंश तापमान नोंदले गेले आणि ७ जानेवारी १९३७ चा ३.९ अंशांचा जुना नीचांक मोडला. शनिवार होता. मी नेहमीपेक्षा लवकर दुकानी गेलो. ओट्यावर आमच्या गाठी वाहणारा हमाल दोन पोती अंगाभोवती गुंडाळून बसला होता. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. शटर वर केले, तो आत छताला टेकलेली ब्लँकेटची थप्पी. आमच्यामध्ये रात्रभर काय होते, तर एक पत्र्याचे शटर. तो काही बोलला नाही. मलाच त्याच्याकडे पाहवेना. त्या दिवशी विक्री उत्तम झाली, हेही सांगितले पाहिजे.

मुलांना मात्र त्या आकड्यात निराळेच दिसते. ३.५ वरून शून्य किती दूर? अंतर थोडे खरे. पण बर्फाचा हिशेब एका आकड्यावर मिटत नाही. नागपूरला कडाका पडतो तो उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने आणि निरभ्र आकाशाने. रात्री जमीन आपली ऊब मोकळ्या आकाशाला देऊन टाकते. ढग आले की ती ऊब अडते; ढग ही आकाशाची दुलईच म्हणा ना. म्हणजे थंडी असेल त्या रात्री ढग नाहीत आणि ढग असतील त्या रात्री थंडी नाही. हिमवर्षावाला दोन्ही एकत्र हवेत. त्यातून नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर आणि गांधीबागेच्या दाटीवाटीच्या भिंती दिवसाचे ऊन रात्रभर धरून ठेवणाऱ्या. आमच्या गच्चीचा पारा सोनेगावाच्या वरच राहतो, ह्याचे मुलांना फार वाईट वाटते.

विदर्भात आकाशातून पांढरे पडते ते गारांच्या रूपाने, आणि तेही थंडी ओसरू लागल्यावर. जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते व उंच ढगांत थेंब गोठतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रभर शिवारे पांढरी केली होती. गहू, हरभरा झोपतो, संत्र्याचा अंबिया बहार झडतो आणि लग्नसराईच्या खरेदीला येणारा खेड्यावरचा ग्राहक ‘पुढच्या हंगामाला देतो’ म्हणून उधारी मागतो. असा शुभ्र रंग आम्हांला नको.

आपल्या शास्त्रांत जलकायिक जीवांचे प्रकार सांगताना दव, हिम, धुके आणि गारा ह्यांची वेगवेगळी नावे येतात. हे ऐकल्यावर नातवाने वहीत ‘दव’ आणि ‘धुके’ हे दोन रकाने वाढवले. दव तर गांधीबागेच्या उद्यानात हिवाळ्यात हिरवळीवर रोज भेटते.

त्याला महाराष्ट्रातला ‘बर्फ’ दाखवायला महाबळेश्वरी नेण्याचे मी कबूल केले आहे. तेथे वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या पहाटे दव गोठते. गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. वर्तमानपत्रे त्यास हिमकण म्हणतात. तो पडलेला नसतो, जागच्या जागी गोठलेला असतो. उन्हे येताच जातो. तेव्हा पहाटे उठावे लागेल, असे मी त्याला बजावले आहे.

“आजोबा, मी रोजच उठतो,” तो म्हणाला, आणि आजची नोंद दाखवली : किमान १२, आकाश ढगाळ. खाली ओट्यावर हमाल आपले ब्लँकेट घडी करून ठेवत होता.