घाटघर ते चोंढे : आकाशमार्ग व भूमार्ग

दोन गावांमधील अंतर किती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. नकाशावर पट्टी ठेवून निघते ते आकाशमार्गाचे अंतर; प्रवाशाच्या वाट्यास येते ते भूमार्गाचे. सपाट मुलखात या दोहोंत फारशी तफावत पडत नाही. आमच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या उत्तर भागात अकोले व कोपरगाव ही गावे आहेत. या प्रदेशात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा व रेखांशाचा सुमारे १०५ किलोमीटरांचा. त्यावरून गणित मांडल्यास या दोन गावांचे सरळ अंतर ६४ किलोमीटरांच्या आसपास येते. संगमनेरवरून सडकेने गेल्यास त्याहून थोडेच अधिक पडते.

परंतु अकोल्याहून पश्चिमेस सह्याद्रीकडे वळावे, की हे गणित कोलमडते. भंडारदऱ्यापलीकडे, प्रवरेच्या उगमाकडील अतिवृष्टीच्या प्रदेशात, कड्याच्या माथ्यावर घाटघर हे गाव आहे. त्याच कड्याच्या पायथ्याशी, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, चोंढे. सरळ रेषेने अंतर जेमतेम काही किलोमीटर. तथापि रूढ मोटाररस्त्याने जाणारास शेंडी, घोटी, इगतपुरी, कसारा असा उलटा वळसा घेऊन, सारा घाट उतरून, मग पुन्हा डोंगराच्या कुशीत शिरावे लागते. हा फेरा शंभर किलोमीटरांहून अधिक होतो. जवळची वाट म्हणजे घाटातील जुनी पायवाट. पण ती धडधाकट माणसाची, तीही पावसाळा टाळून.

नवल असे की, पाण्याला हा वळसा पडत नाही. २००८ साली पूर्ण झालेल्या घाटघर जलविद्युत प्रकल्पात वरचे धरण घाटघरास व खालचे चोंढ्यास आहे. विजेची मागणी वाढली म्हणजे वरचे पाणी डोंगराच्या पोटातून सुमारे ४०० मीटर खाली येते व २५० मेगावॉटपर्यंत वीज देते. मागणी ओसरली म्हणजे तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढते. म्हणजे पाणी कड्यातून नित्य ये-जा करते आणि माणूस मात्र कड्याला वळसा घालतो!

आकाशमार्गाचीही तीच कथा. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. मुंबईहून शिर्डीकडे सरळ रेषा ओढली तर ती सुमारे १७० किलोमीटरांची भरते, आणि ती याच अकोले तालुक्याच्या डोंगरांवरून जाते. अंतर तुटले ते रेषेच्या दोन टोकांचे. मधल्या वाड्यांस त्याचा काय लाभ?

मेघदूतातील यक्षाने मेघास उज्जयिनी पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावयास सांगितले. तो वळसा रसिकतेचा होता. परंतु वरच्या गावची लेक खाली दिली असेल, तिचे दिवस भरत आले असतील आणि आईस तिच्याकडे जावयाचे असेल, तर तो वळसा सक्तीचा होय. म्हणून मुलांस भूगोल शिकविताना पट्टीने अंतर मोजावयास अवश्य शिकवावे. परंतु त्या रेषेखाली कोणता कडा उभा आहे आणि तो कोणास ओलांडावयाचा आहे, हेही पाहावयास शिकवावे, असे आम्हांस वाटते.