दीवच्या किनाऱ्यावर दादांची आठवण

मुंबईहून रेल्वेने वेरावळ, तिथून कोडीनार, ऊना आणि शेवटी घोघल्याचा पूल ओलांडला की दीव. अब्बा, अम्मी, आत्या आणि आम्ही चार भावंडं, असे सातजण निघालो होतो. बहुतेक लोक इथे पोर्तुगीजांनी १५३५ साली बांधायला घेतलेला किल्ला पाहायला किंवा नागव्याच्या किनाऱ्यावर पोहायला येतात. नागव्याला होका नावाची ताडासारखी झाडं आहेत आणि त्यांना चक्क फांद्या फुटतात. आमच्या कोकणी डोळ्यांना ते काही केल्या पटेना. ताडाला फांदी? अम्मीने तर जवळ जाऊन खोड हाताने चाचपून पाहिलं.

आम्ही आलो होतो ते मात्र चक्रतीर्थजवळच्या टेकाडावर काचेत ठेवलेल्या एका जहाजासाठी. आयएनएस खुकरी. आमच्या मरहूम आजोबांनी तिच्या बॉयलर रूममध्ये काही वर्षं काढली होती.

आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना दादा म्हणे, मग घरातही तेच नाव रुळलं. आमचं गाव जयगड खाडीच्या काठी. तिथे घरटी एक माणूस जहाजावर असे. इंग्रजांच्या काळात आरमारात रत्नागिरीकडच्या मुसलमानांची मोठी भरती होत असे. दादा महायुद्धाच्या अखेरीस स्टोकर म्हणून लागले, तेव्हा त्यांना मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पाठोपाठ धाकट्यानेही नाव घातलं आणि त्याला शिक्षणासाठी कराचीला पाठवलं. १९४७ ला देशाबरोबर आरमारही वाटलं गेलं. जहाजं वाटली, माणसांना विचारलं गेलं. धाकटे आजोबा कराचीत होते, ते तिथेच राहिले. दादा मुंबईत होते, आणि गावी त्यांची आई एकटी होती. पुढे कुणी कौतुकाने म्हणायचं, "तुम्ही इथे राहिलात, वा!" तर दादा चिडायचे. "राहिलो म्हणजे काय? मी निघालो कुठे होतो?"

म्हणजे एका घरातले दोन भाऊ दोन आरमारांत. पत्रं यायची, आईची तब्येत, कुणाचं लग्न, कुणाला मुलगा झाला, एवढंच. जहाजाबद्दल एक अक्षर नाही. दोघांनी हे कधी ठरवलं नव्हतं, असं दादा सांगत. दोघांना कळत होतं.

१९७१ च्या डिसेंबरात दादा मुंबईत, गोदीत किनाऱ्यावरच्या कामाला होते. ४ तारखेच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर मारा केला. त्या आठवड्यात केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. गोदीत पेढे वाटले. दादांनीही घेतला आणि खाल्ला. भावाचं घर केमारीपासून फार लांब नव्हतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दादी सांगायच्या की त्या रात्री ते बराच वेळ जानमाजवर बसून होते.

मग ९ तारीख. दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या टॉर्पेडोने खुकरी काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन जहाजाबरोबर गेले; त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दादांना कप्तानांचा अभिमान होताच, पण ते जास्त बोलायचे ते तळाशी काम करणाऱ्यांबद्दल. त्यातल्या काहींना त्यांनी हाताला धरून काम शिकवलं होतं. "वरच्याला निदान समुद्र तरी दिसतो. खालच्याला शिडी शोधायची असते, तीही काळोखात."

टेकाडावर वारा इतका होता की आत्यांची ओढणी दोनदा उडाली. काचेतली खुकरी पाहून अब्बा म्हणाले, "केवढीशी आहे!" आणि मग स्वतःच गप्प झाले. आम्ही वाकून वाकून बॉयलर रूम कुठे असेल याचा अंदाज घेत होतो. नमुन्यात अर्थातच फक्त वरचं दिसतं, डेक, तोफा, डोलकाठी. दादांची जागा पाण्याच्या रेषेखाली होती.

युद्धानंतर टपाल बंद झालं. काही महिन्यांनी केपटाऊनच्या एका नातेवाईकाच्या पाकिटातून धाकट्या आजोबांची चिठ्ठी आली. ती अजून आत्यांकडे आहे, दीवला येताना त्यांनी पर्समध्ये घालून आणली होती. चारच ओळी. सगळे खुशाल आहेत, घराच्या काचा फुटल्या, आईला सलाम. आणि शेवटी, "दादा, तुझ्या जहाजाचं ऐकलं. तू त्यावर नव्हतास ना, एवढं कळव." सव्वीस वर्षांत भावाने जहाजाचा उल्लेख केला तो हाच. दादांनी उत्तर धाडलं, "नव्हतो. पण माझी पोरं होती."

पुढे कराचीला जाण्यासाठी दादांनी दोनदा अर्ज केला. आरमारातला माणूस, म्हणून एका कार्यालयातून दोन्ही वेळा कागद परत आले. शेवटी भेट झाली ती मक्केत. दादा एम. व्ही. अकबर जहाजाने हजला गेले, धाकटे आजोबा कराचीहून आले. दोघांनी खुकरीचा विषय काढला का, असं अब्बांनी विचारलं होतं. दादा म्हणाले, "तो रडला. मी त्याला पाणी दिलं." बस, एवढंच.

समुद्रात गेलेल्यांना कबर नसते. बुडून मेलेल्याला हदीसमध्ये शहीद म्हटलं आहे, हे दादा आम्हाला लहानपणी सांगत. दर ९ डिसेंबरला ते खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसत. खुकरीवर कुठल्या धर्माचे किती, हा हिशेब त्यांनी कधी केला नाही, दुआ सगळ्यांसाठी. दीवला येणं मात्र त्यांना जमलं नाही. आधी पैसे नव्हते, मग गुडघे.

आत्यांनी तिथेच उभ्या उभ्या हात उचलले, आम्हीही उचलले. शेजारी एक गुजराती कुटुंब फोटो काढत होतं. त्यांतल्या आजीने विचारलं, "तमारा कोई हता आमां?" अब्बांनी काचेकडे बोट दाखवलं आणि पाण्याच्या रेषेच्या जरा खाली, मागच्या बाजूला ठेवलं.