गायरान 'पडीक' नसतं!

माझी आजी गावच्या गायरानावर गवत कापायची. तिच्या शेळ्यांवरच आमचं घर चाललं. मुरमाड, उथळ माती आणि चार महिन्यांचा बेभरवशाचा पाऊस. अशा जागी दाट झाडी होत नाही, पण पवन्या, मारवेल टिकतात. उन्हाळ्यात वरून वाळतात, मुळं जिवंत राहतात; पहिल्या पावसात पुन्हा फुटतात.

सरकारदरबारी मात्र ही जमीन 'पडीक'. काही वर्षांपूर्वी तिथं वृक्षलागवडीसाठी मशीननं चर खोदले. रोपं वाळली आणि उकरलेल्या मातीत गाजरगवत माजलं. 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे अमेरिकेतलं तण नेमकी अशीच उघडी, ढवळलेली जमीन धरतं. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

एका बैठकीत साहेब म्हणाले, "इथल्या गवतातच दम नव्हता." हा युक्तिवाद आपल्या चांगला ओळखीचा आहे. आधी परिस्थिती बिघडवायची, मग दोष जन्मजात ठरवायचा!

म्हणून पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा: चर खोदण्याआधी शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन बायांना कुणी विचारलं होतं का?

जय भीम!