राहणार : पुसद

मराठी अर्जात नावानंतर ‘राहणार’ हा शब्द येतो. चौतीस वर्षे मराठी शिकवूनही या शब्दाकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. अर्थ ‘राहत असलेला’, रूप मात्र भविष्याकडे झुकलेले. ‘मुक्काम पोस्ट’ची गंमत त्याहून मोठी. मुक्काम म्हणजे प्रवासातला थांबा. आणि आपण आपला कायमचा पत्ता याच शब्दाने सुरू करतो!

हे सुचले ते मुलीच्या आणि जावयांच्या कागदपत्रांमुळे. मुलगी सैन्यात डॉक्टर आहे. लग्नानंतर तिच्या बदल्यांनी तीन राज्ये पाहिली. जावई मूळचे साताऱ्याकडचे, पेशाने शिक्षक. ती जाईल तिथल्या एखाद्या शाळेत नोकरी धरतात. आमच्या पुसदेत सैनिकाची बायको नवऱ्यामागून जाते हे कुणाला सांगावे लागत नाही. जावयांबद्दल मात्र अजून विचारले जाते, ‘ते तिकडे काय करतात?’

हा प्रश्न केवळ शेजाऱ्यांचा नव्हता, कायद्याचाही होता. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार सैनिक कुठेही असला तरी त्याचे नाव त्याच्या मूळ मतदारसंघात राहते, आणि त्याच्यासोबत राहणारी पत्नीही तिथलीच मतदार होऊ शकते. कायद्यातला शब्द होता ‘वाइफ’. सैनिक स्त्री असू शकते, तिच्यासोबत नवरा राहू शकतो, ही कल्पना त्या वाक्यात मावत नव्हती. २०१९च्या एप्रिलमध्ये यवतमाळ-वाशिमचे मतदान झाले तेव्हा मुलीची मतपत्रिका संगणकावरून तिच्याकडे पोचली, तिने ती भरून टपालाने पाठवली. जावयांचे नाव साताऱ्याच्या यादीत होते आणि ते स्वतः हजार मैलांवर. त्यांचे मत राहून गेले. फोनवर हसून म्हणाले, ‘आई, मी पत्नी नाही ना!’ मला हसू आले नाही.

संसदेने २०२१च्या डिसेंबरात हा शब्द बदलला. ‘वाइफ’च्या जागी ‘स्पाउस’ आला आणि २०२२च्या ऑगस्टपासून तो लागू झाला. एका शब्दाच्या फरकाने २६ एप्रिल २०२४च्या निवडणुकीत आमचे जावई पुसदचे मतदार झाले. सासुरवाडीचा मतदार! शब्दाच्या निवडीने माणसाचे काय होते हे वर्गात मी कवितांवरून समजावीत असे. इतके स्वच्छ उदाहरण मला तेव्हा मिळाले नव्हते.

कराच्या बाबतीत आपल्याकडचा गुंता कमी आहे, कारण प्राप्तिकर केंद्राचा. राज्याचा उरतो तो व्यवसाय कर. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने त्यावर वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ही दोघे पुण्यात होती तेव्हा जावयांच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जात. मुलीच्या पगारातून काहीच नाही, कारण महाराष्ट्राच्या १९७५च्या कायद्यात सैन्यदलांना सूट आहे. पुढे हरियाणात गेल्यावर तो करच नव्हता. अमेरिकेत राज्येही प्राप्तिकर घेतात, म्हणून तिथे हा प्रश्न पोटाचा होतो. २००३च्या तिथल्या कायद्याने सैनिकाला, २००९च्या कायद्याने त्याच्या जोडीदाराला आपले मूळ राज्य टिकवण्याची मुभा दिली. २०१८पासून तर जोडीदार करापुरते सैनिकाचेच राज्य आपले म्हणू शकतो, मग लग्न कधीही झालेले असो.

आपल्याकडे ‘डोमिसाईल’साठी महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतात. पण १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भारतात अधिवास एकच, भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नसतो. हे वाचताना मला सासूबाई आठवल्या. १९४०च्या सुमारास त्या लग्न होऊन या घरात आल्या आणि हे गाव त्यांनी सोडले नाही. तरी त्या मध्य प्रांत व वऱ्हाडात राहिल्या, १९५०पासून मध्य प्रदेशात, १९५६पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०पासून महाराष्ट्रात. लेकीने राज्ये बदलली. सासूबाईंना राज्ये बदलून गेली. आणि हा मुलूख तर तांड्यांचा. ज्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देश पायाखाली घातला, त्या बंजारा समाजातले, जवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. भटकणारा माणूस कुठलाच नसतो, असे पुसदने तरी म्हणू नये.

हे सारे आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. यजमान गेल्यापासून या घरात मी एकटी. मुलगा पुण्याला बोलावतो आहे, घराला गिऱ्हाईकही आले आहे. मुलीच्या सेवेच्या कागदांवर मात्र पत्ता याच घराचा. घर गेले तर ती दोघे कुठली, या विचाराने मी कायद्याचे ते कलम पुन्हा वाचले. विसाव्या कलमाचा आशय असा, की सैनिक त्या नोकरीत नसता तर जिथे सामान्यतः राहिला असता, तिथला तो रहिवासी मानावा. मी थबकले. व्याकरणात याला आपण संकेतार्थ म्हणतो : असते तर, झाले असते. न जगलेल्या आयुष्याचा पत्ता कायदा विचारीत होता.

रात्री मुलीला फोनवर विचारले, ‘तू सैन्यात नसतीस, तर कुठे राहिली असतीस गं?’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आई, घर विकायचे तर खुशाल वीक. पण हे मला असे विचारू नकोस.’

पलीकडून जावयांचा आवाज आला, ‘आईंना सांग, माझे नाव आत्ताच कुठे त्या यादीत लागले आहे.’

गिऱ्हाइकाला मी दिवाळीनंतर या म्हणून कळवले आहे. मला स्वतःला पुण्याच्या पत्त्यासाठी एक अर्ज भरायचा होता. त्यातली ‘राहणार’ या शब्दापुढची जागा अजून कोरीच आहे.